मुलांना देवावर भरवसा ठेवायला आणि त्याचं ऐकायला कसं शिकवावं: घरातल्या घरात, पायरीपायरीनं

शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात, दर जूनला नवी मुलं येतात तेव्हा मी पहिल्या रविवारी एकच प्रश्न विचारते, "देवाचं ऐकायचं म्हणजे काय करायचं?" पुण्यातल्या आमच्या मंडळीत नाना पेठेतली मुलं असतात, वानवडीतली असतात, पिंपरीहून दोन बस बदलून येणारी असतात. उत्तरं मात्र ठरलेली. "मस्ती नाही करायची." "आईला त्रास नाही द्यायचा." सात वर्षांचा एक मुलगा हळूच म्हणाला, "नाहीतर देव मारतो."

यात मुलांची चूक नाही. आपल्या मराठीत 'ऐकणं' या एका शब्दात दोन अर्थ आहेत: कानानं ऐकणं आणि सांगितलं तसं वागणं. "हा अजिबात ऐकत नाही हो" ही तक्रार आपण कानांबद्दल करत नसतो. घरात दिवसभर 'ऐक' हा शब्द दटावणीत वापरला जातो आणि रविवारी आपण तोच शब्द देवाला जोडतो. मग मुलाच्या मनात देव म्हणजे आणखी एक रागावणारं मोठं माणूस होतं. रागावणाऱ्या माणसापुढे मूल गप्प बसेल, घाबरेल, त्याला हवं ते उत्तर देईल. भरवसा ठेवणार नाही.

म्हणून इथे सगळा भर क्रमावर आहे. भरवसा आधी, ऐकणं नंतर, आज्ञा पाळणं त्याच्याही नंतर. पवित्र शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात "हे इस्राएला, ऐक" म्हटल्यावर लगेच पुढच्या वचनात देवावर प्रीती करायला सांगितलं आहे. आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवायची गोष्ट त्यानंतर येते. आपण बहुतेक जण थेट तिथूनच सुरुवात करतो.

घाई करू नका. जूनमध्ये सुरुवात केलीत तर नाताळापर्यंत चौथ्या-पाचव्या टप्प्यापर्यंत पोहोचाल, आणि ते पुरेसं आहे.

## सुरू करण्याआधीची तयारी

आठवडाभर स्वतःची वाक्यं टिपा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज फक्त रेघा मारा: देवाचं नाव घेऊन मुलाला किती वेळा दटावलं आणि किती वेळा आनंदानं ते नाव घेतलं. "देव बघतोय हं", "येशूला असली मुलं आवडत नाहीत", "खोटं बोललास तर प्रभू शिक्षा करेल" या सगळ्या रेघा पहिल्या रांगेत. पहिली रांग लांब असेल तर पुढचं काहीही करण्याआधी ती थांबवा. शिस्त लावायचीच आहे, पण ती स्वतःच्या नावानं लावा. "मला हे चालणार नाही" असं आईनं म्हणावं. त्यासाठी देवाला पुढे करू नये.

वेळ ठरवा. कौटुंबिक प्रार्थना रात्री साडेनऊला, सगळे पेंगत असताना, मोठ्यांच्या लांब प्रार्थनेनं होत असेल तर मुलांसाठी वेगळी दहा मिनिटं काढा. हिंजवडीला नोकरी करणारे पालक म्हणतात, वेळच नसतो. त्यांना मी शाळेच्या बसची वाट बघतानाची पाच मिनिटं सुचवते. अनुवादाच्या त्याच अध्यायात घरी बसलेले असताना, वाटेनं चालताना, निजताना आणि उठताना असे चार प्रसंग दिले आहेत. त्यात खास खोली लागते असं कुठेही म्हटलेलं नाही.

भाषा तपासा. हे काम सगळ्यात जास्त राहून जातं. आपल्या पवित्र शास्त्रात परमेश्वरावर 'भाव ठेव' असं येतं. आठ वर्षांच्या मुलाला भाव म्हणजे मंडईतला टोमॅटोचा भाव. तेविसाव्या स्तोत्रात "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" म्हणताना मुलाला 'उणे' म्हणजे वजाबाकीचं चिन्ह आठवतं. मुलं वचन घडाघडा म्हणतात, टाळ्या मिळवतात, आणि आत काहीच उतरत नाही. प्रत्येक वचनातला एक अवघड शब्द आधी सोडवा: भाव ठेवणं म्हणजे अंग टाकून देणं, झोपेत आईच्या खांद्यावर टाकतो तसं. उणं पडणं म्हणजे कमी पडणं. इंग्रजी शाळेतली मुलं प्रार्थना इंग्रजीत करत असतील तर करू द्या. ज्या भाषेत मूल रडतं त्या भाषेत त्याला देवाशी बोलता आलं पाहिजे.

साहित्य: एक शंभर पानी वही, एक रिकामी काचेची बरणी, आणि मुलाच्या मुठीत मावतील असे दहा-बारा गुळगुळीत दगड. दगड मुलानंच गोळा करावेत. खडकवासल्याला किंवा सिंहगडाच्या पायथ्याशी गेलात की उचलून आणा. त्यांचं काम शेवटच्या टप्प्यात आहे.

> तपासा: मूल देवाचं नाव निघाल्यावर आक्रसतं का, तुमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देतं का? तसं असेल तर तयारीतच आणखी दोन आठवडे राहा.

## टप्पा १: आधी तुमचा शब्द खरा होऊ द्या

मुलाला भरवसा ही गोष्ट देवाकडून कळत नाही, ती आधी आई-पप्पांकडून कळते. "रविवारी पेशवे पार्कात फुलराणीत बसायला नेतो" असं म्हटलं आणि रविवारी पाहुणे आले. मूल काही बोललं नाही. पण त्याच्या आत एक नोंद झाली: मोठ्यांचा शब्द म्हणजे नुसता शब्द.

महिनाभर एवढंच करा.

१. मुलाला दर आठवड्याला एकच छोटं वचन द्या. गुरुवारी मी तुला शाळेतून घ्यायला येईन. शनिवारी आपण दोघं मिळून पोळ्या करू.

२. ते पाळा. पाऊस असो, कंटाळा आलेला असो.

३. पाळता आलं नाही तर कारणं सांगत बसण्याआधी माफी मागा. "मी सांगितलं होतं आणि मी आलो नाही. माझं चुकलं."

४. महिनाअखेरीस, फक्त एकदा, सांगा: "मी कधीकधी चुकतो. देव शब्द मोडत नाही."

चौथी गोष्ट पहिल्या तीन केल्याशिवाय बोलू नका. बाप स्वतःची चूक कबूल करतो हे पाहिलेल्या मुलाला देव आणि बाप यांतला फरक समजतो. बाप कधीच चुकत नाही असं ज्या घरात चालतं, तिथे पुढे बापावरचा राग थेट देवावर जातो. दृढीकरणाच्या, म्हणजे आपला विश्वास मंडळीपुढे स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या, वर्गातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांशी बोलताना हे मी अनेकदा पाहिलं आहे.

## टप्पा २: देव कसा आहे, ते गोष्टींतून, पण गोष्टींचा क्रम ठरवून

जो माहीत नाही त्याच्यावर कोणी भरवसा ठेवत नाही. अडचण अशी की गोष्टी आपण पुस्तकाच्या क्रमानं सांगतो, आणि मग पाच वर्षांच्या मुलाला पहिल्याच महिन्यात जलप्रलय आणि इसहाकाच्या गळ्याशी आलेला सुरा ऐकायला मिळतो. त्या गोष्टी सांगायच्याच आहेत, पण दहाव्या वर्षाच्या आसपास, प्रश्नांना वेळ देऊन.

लहानांसाठी मी हा क्रम ठेवते: हरवलेलं मेंढरू (लूक १५), रानातला मान्ना, म्हणजे देवानं रोज दिलेलं अन्न (निर्गम १६), वादळातली होडी (मार्क ४), मग योसेफ, आणि त्यानंतर शमुवेल.

मान्नाची गोष्ट भरवशासाठी फार उपयोगी आहे, कारण तिच्यात भरवसा हाताला लागतो. रोज त्या दिवसापुरतंच गोळा करायचं. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी ठेवलं त्यात किडे पडले आणि घाण सुटली. मुलांना किड्यांचा भाग आवडतोच, तिथे थांबून विचारा, "त्यांनी का बरं ठेवलं असेल?" मुलं बरोबर सांगतात: "उद्या मिळणार नाही असं वाटलं." भरवसा म्हणजे काय याचं उत्तर मुलानं स्वतःच दिलं. तुम्ही त्यावर प्रवचन जोडू नका.

वादळाच्या गोष्टीत बहुतेक जण थेट वारा शांत होण्यावर जातात. त्याआधी येशू होडीच्या मागच्या भागात उशी घेऊन झोपला होता, तिथे थांबा. मुलाला त्याची उशी आणून द्या, जमिनीवर झोपायला सांगा आणि चादर हलवून लाटा करा. तो झोपतो की डोळे किलकिले करून बघतो, ते पाहा. मग विचारा, "येशूला झोप कशी लागली असेल?"

मेंढपाळाची गोष्ट मात्र आपल्याकडे प्रत्यक्ष दाखवता येते आणि आपण ती चित्रातल्या पांढऱ्याशुभ्र मेंढरांवर भागवतो. पावसाळा सरला की सासवड, जेजुरी, भोरच्या बाजूला धनगरांचे कळप दिसतात. खतासाठी शेतात मेंढरं बसवलेली असतात. एकदा आम्ही वर्गातल्या मुलांना तिकडे घेऊन गेलो. मेंढरं धुळीनं तांबूस झालेली, अंगाला उग्र वास. मुलांनी नाक धरलं. मेंढपाळमामांना विचारून एकेका मुलानं मेंढरांना हाका मारल्या. ओरडून मारल्या, शिट्ट्या वाजवल्या. मेंढरं चरतच राहिली. मग मामांनी तोंडानं एक बारीक आवाज काढला, तोही खूप मोठा नव्हता. शंभरेक माना एकदम वर झाल्या. मुलं अवाक झाली. परतताना बसमध्ये मी योहान १० मधलं "माझी मेंढरे माझी वाणी ऐकतात" एवढंच वाचलं. एका मुलीनं विचारलं, "बाई, त्यांना तो आवाज कोणी शिकवला?" पुढच्या सीटवरचा मुलगा वळून म्हणाला, "शिकवला नाही. ती रोज त्यांच्याबरोबरच असतात ना."

> सावधान: कळपाजवळ कुत्री असतात. आधी लांबूनच परवानगी विचारा, आणि कोकरू उचलायचा हट्ट मुलांना करू देऊ नका.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. आपली मुलं वर्गात सगळ्या धर्मांच्या मुलांबरोबर बसतात, गणपतीत मित्राच्या घरी मोदक खायला बोलावणं येतं, घरी येऊन प्रश्न विचारतात. उत्तर द्या, पण शेजाऱ्याच्या श्रद्धेला नावं ठेवून देवाची ओळख करून देऊ नका. दुसऱ्याला कमी लेखून शिकवलेला विश्वास मुलाला पहिल्याच चांगल्या मित्रापाशी अडचणीत आणतो.

## टप्पा ३: खरं बोलायला शिकवा

ऐकण्याआधी बोलणं येतं. मुलांच्या प्रार्थना पाठ झालेल्या असतात: "प्रभू, आजच्या दिवसाबद्दल धन्यवाद, आई-पप्पांना आशीर्वाद दे, आमेन." चांगलं आहे, पण यात भीती कुठे आहे? वर्गात कोणी बाकावर बसू दिलं नाही, ते कुठे आहे?

स्तोत्रसंहितेत तक्रारी भरलेल्या आहेत. १३ वं स्तोत्र "हे परमेश्वरा, कोठवर?" अशाच प्रश्नानं सुरू होतं. ५६ व्या स्तोत्रात दावीद भीती लपवत नाही. मला भीती वाटते तेव्हा मी तुझ्यावर भाव ठेवतो, असं म्हणतो. भीती आणि भरवसा एकाच ओळीत. मुलाला हे दाखवा.

मग असं करा. रात्री दिवा मालवल्यावर मुलाला तीन वाक्यं पूर्ण करायला सांगा: "देवा, आज मला आवडलं की…", "आज मला भीती वाटली की…", "आज मला राग आला की…" तिसऱ्या वाक्यात तुमचं नाव येऊ शकतं. आलं तर दिवा लावून उलटतपासणी घेऊ नका. "आमेन" म्हणा आणि पांघरूण नीट करा. त्या प्रार्थनेत मुलानं सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी भांडणात पुन्हा काढली, तर ते मूल तुमच्यासमोर खरं बोलणं थांबवेल. तसं एकदा झालं की ते मागे नेणं फार अवघड असतं.

## टप्पा ४: शांततेचा सराव

एलीया संदेष्ट्याच्या गोष्टीत (१ राजे १९) आधी सोसाट्याचा वारा, मग भूमिकंप, मग अग्नी येतो, आणि परमेश्वर त्यांपैकी कशातच नसतो. शेवटी येते ती शांत, मंद वाणी. आणखी एक तपशील आपण गाळतो. त्याआधी एलीया थकून झाडाखाली झोपला होता आणि देवदूतानं त्याला दोनदा उठवून भाकर आणि पाणी दिलं होतं. भुकेल्या, झोप आलेल्या मुलाला शांत बसवू नका. आधी खाऊ घाला.

क्रम असा ठेवा:

१. मुलाच्या शेजारी बसा, समोर नको. समोर बसलात की ते तुमचा चेहरा वाचत राहतं. आमच्याकडे गॅलरीतली चटई चालते.

२. एक मिनिट फक्त आवाज मोजा. कुकरची शिट्टी, पीएमपीची बस, वरच्या मजल्यावरचं ड्रिल, झाडावरचे पोपट. बोटांवर मोजू द्या. पुण्यात शांत जागा शोधत बसलात तर सराव कधीच सुरू होणार नाही. आवाज चालू असताना मन थांबवायला शिकवायचं आहे.

३. एकच छोटं वचन वाचा, सावकाश, दोनदा. नवं शोधू नका. महिनाभर तेच चालेल.

४. शांत बसा. पाच वर्षांच्या मुलासाठी एक मिनिट, आठ वर्षांसाठी दोन, बारा वर्षांसाठी पाच. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दाखवा. मोबाईल दुसऱ्या खोलीत, तुमचाही.

५. शेवटी विचारा, "काय जाणवलं?"

पाचव्या पायरीतला प्रश्न जसाच्या तसा ठेवा. "देव तुझ्याशी काय बोलला?" असं कधीच विचारू नका. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. वर्गातल्या एका मुलीनं डोळे उघडून सांगितलं, की येशू तिच्या स्वप्नात आला होता आणि त्यानं तिला पांढरं कबूतर दिलं. मला इतका आनंद झाला की मी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. पुढच्या दहा मिनिटांत प्रत्येकाला दर्शन झालं होतं. एकाला सिंह दिसला, एकाला सोन्याचा जिना. मागच्या रांगेतला एक मुलगा मात्र खाली बघत बसला होता. वर्ग सुटल्यावर त्यानं विचारलं, "बाई, देव माझ्याशीच का बोलत नाही?" त्या दिवशी मी अकरा मुलांना गोष्टी रचायला शिकवलं होतं आणि एका खऱ्या मुलाला दुखावलं होतं.

"काहीच नाही जाणवलं" हे पूर्ण आणि चांगलं उत्तर आहे. त्यावर तुमचा चेहरा पडू देऊ नका. "ठीक आहे, माझंही मन आज भाजीतच होतं" असं म्हणा आणि उठा.

> तपासा: महिन्याभरात मुलानं एकदा तरी "काही नाही" असं बिनधास्त सांगितलं का? सांगितलं असेल तर सराव नीट चालला आहे.

## टप्पा ५: ऐकलेलं पारखायला शिकवा

आता शमुवेल (१ शमुवेल ३). देव रात्री लहान शमुवेलाला हाका मारतो, तो भाग मुलांना पाठ असतो. पालकांनी मात्र त्याला सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे बघावं, कारण या गोष्टीत आपली जागा एलीची आहे.

शमुवेल तीनदा धावत येतो. एली दोनदा म्हणतो, मी हाक मारली नाही, जा, नीज. तिसऱ्यांदा त्याच्या लक्षात येतं. तेव्हा तो काय करतो? मुलाला जवळ बसवून देवाचा निरोप आपणच सांगत नाही. एक वाक्य शिकवतो, "बोल, तुझा दास ऐकत आहे", आणि मुलाला परत त्याच्या जागेवर पाठवतो. सकाळी शमुवेल घाबरलेला असतो, कारण निरोप एलीच्याच घराण्याविरुद्ध आहे. एली म्हणतो, माझ्यापासून काही लपवू नकोस. आणि ऐकल्यावर मुलावर रागावत नाही. वाक्य शिकवणं, बाजूला होणं, आणि कटू असलं तरी ऐकून घेणं: पालकाचं काम एवढंच आहे.

गोष्टीत हेही स्पष्ट लिहिलं आहे की शमुवेलाला तेव्हा परमेश्वराची ओळख नव्हती. मंदिरात वाढलेलं मूल, आणि तरी हाक कोणाची ते त्याला कळलं नाही. तुमच्या मुलाला कळलं नाही तर नवल नाही.

मनात आलेली प्रत्येक गोष्ट देवाची नसते. नऊ वर्षांपासून पुढे मुलांना हे तीन प्रश्न शिकवा:

१. येशू जसा वागला आणि बोलला, त्याच्याशी हे जुळतं का?

२. यातून कोणाचं भलं होतं, की कोणाला इजा होते?

३. हे मी आईला किंवा माझ्या भरवशाच्या मोठ्या माणसाला मोकळेपणानं सांगू शकतो का?

> सावधान, हे टाळू नका: तिसरा प्रश्न मुलाच्या सुरक्षिततेसाठीही आहे. "देवानं मला सांगितलंय, हे आपल्या दोघांतलं गुपित" असं कोणतंही मोठं माणूस म्हणालं, मग ते नातेवाईक असो, शिक्षक असो, मंडळीतलं मानाचं माणूस असो, तर ते देवाचं नाही. हे मुलाला याच शब्दांत सांगा. तिथून निघून यायचं आणि लगेच घरी सांगायचं. घरी सांगता येत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. तो मुलाकडून पाठ करून घ्या. मूल असं काही सांगेल तेव्हा "ते तसे नाहीत" हे तुमचं पहिलं वाक्य असू नये.

मोठ्यांसाठीही एक मर्यादा. "देवानं मला दाखवलंय, तू डॉक्टर होणार" असं मुलाला सांगू नका. बारावीनंतर त्याला कॉमर्सला जायचं असेल तर ते तुमच्या इच्छेविरुद्ध जात नाही, त्याच्या समजुतीनुसार देवाविरुद्ध जातं. एवढं ओझं कोणत्याही मुलावर टाकू नये.

## टप्पा ६: एक छोटं पाऊल

आता आज्ञा पाळणं. ते त्याच दिवशी करता येईल एवढं लहान असावं. मित्राचं खोडरबर परत देणं. भाजीवाल्या मावशींनी चुकून जास्त दिलेले दहा रुपये परत नेणं. ज्याच्याशी कोणी खेळत नाही त्याला एकदा हाक मारणं. पाऊल मुलानं निवडावं. तुम्ही सुचवलंत की तो गृहपाठ होतो. केलं नाही तर शिक्षा नाही, आठवण एकदाच. केलं तर बक्षीसही नको. चॉकलेट दिलंत की पुढच्या वेळी ते चॉकलेटसाठी होईल.

## टप्पा ७: मागितलेलं मिळत नाही तेव्हा

कितीही शिकवलं तरी हा दिवस येतोच. आजोबा आयसीयूत असतात, मूल रोज प्रार्थना करतं, आणि आजोबा जातात. सहा टप्पे नीट केलेले असले तरी इथे दोन चुकीच्या वाक्यांनी सगळं विस्कटू शकतं.

हे बोलू नका: "देवाला आजोबा हवे होते." मुलाला मग देवाची भीती वाटते; उद्या त्याला आईही हवी झाली तर? "तू मनापासून प्रार्थना केली नसशील." हे क्रूर आहे, आणि मुलं ते वर्षानुवर्षं मनात ठेवतात. "रडू नको, आजोबा स्वर्गात आहेत." आशा खरी आहे, पण रडू थांबवण्यासाठी ती वापरू नका. मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेकडे जाताना येशू रडला, आणि थोड्याच वेळात तो लाजराला उठवणार होता. तरी आधी तो रडला.

हे करा: मांडीवर घ्या. "मलाही कळत नाही" असं म्हणा, तुम्हाला खरंच कळत नसेल तर. मग काही दिवसांनी गेथशेमाने बागेची गोष्ट सांगा: येशूनंही मागितलं होतं, हा प्याला माझ्यापासून दूर कर. आणि प्याला दूर झाला नाही. देवानं पुत्राचं ऐकलं नाही का? या प्रश्नावर मोठ्या मुलांबरोबर बराच वेळ बसता येतं. आगीच्या भट्टीपुढे उभ्या असलेल्या तिघांचं उत्तरही दाखवा (दानीएल ३): आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि त्यानं सोडवलं नाही तरी आम्ही राजाच्या सोन्याच्या मूर्तीला नमन करणार नाही. त्यातला 'नाही तरी' हा शब्द दोघांनी मिळून वहीत लिहा.

दवाखान्याची गोष्टही इथेच. पावसाळ्यात ताप आला की प्रार्थनाही करा आणि रक्तही तपासून घ्या. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं, असं मुलाच्या कानावर कुठून पडलं असेल तर ते लगेच, स्पष्ट शब्दांत पुसा. परीक्षेचंही तसंच: "अभ्यास नको, मी प्रार्थना केली आहे" हा भरवसा नव्हे, आणि "कमी मार्क पडले म्हणजे देव नाराज आहे" हेही खरं नव्हे.

## टप्पा ८: दगड आणि वही

यहोशवाच्या ४ थ्या अध्यायात यार्देन ओलांडल्यावर नदीच्या पात्रातून बारा दगड उचलून आणले जातात. का? पुढे मुलं विचारतील, "हे दगड कसले?", आणि तेव्हा सांगायचं. तुमची बरणी त्यासाठीच आहे.

महिन्यातून एकदा, पगाराच्या पहिल्या रविवारी म्हणा, सगळे बसा. प्रत्येकानं एक आठवण सांगायची, जिथे देव बरोबर होता असं वाटलं. वहीत तारीख आणि एक ओळ लिहायची. दगडावर त्याच तारखेचा आकडा मार्करनं लिहून तो बरणीत टाकायचा. मोठ्यांनीही टाकायचे. बाबांची नोकरी गेली ते महिने, आईचं ऑपरेशन, हे मुलाला याच बरणीतून कळू द्या.

वहीच्या मागच्या पानावर न मिळालेल्या गोष्टीही लिहा. बहुतेक घरं हे करत नाहीत आणि मग वही खोटी होते. आमच्या घरच्या वहीत मागच्या पानावर सात वर्षांपूर्वीची एक ओळ आहे, माझ्या मुलाच्या तेव्हाच्या वेड्यावाकड्या अक्षरात: "आजी परत आली नाही." तिच्या खाली त्यानं गेल्या वर्षी, चौदा वर्षांचा असताना, स्वतःहून आणखी एक ओळ लिहिली आहे. ती मी वाचली आहे, पण त्याला विचारलेली नाही, म्हणून इथे देत नाही.

## मध्येच खंड पडला तर

पडतोच. लग्नसराई, परीक्षा, गावाकडची मे महिन्याची सुट्टी. पुन्हा सुरू करताना राहिलेल्या दिवसांची भरपाई करू नका, आणि "आपण किती दिवस प्रार्थनेला बसलो नाही" असं मुलाला ऐकवू नका. चौथ्या टप्प्यातलं एक मिनिट घ्या. चटई टाका, शेजारी बसा, आवाज मोजा.